याकोब चर्चच्या दारातली खुर्ची

नंदिनी साठे याकोब चर्चमध्ये पहिल्यांदा गेली ती दार लावायला. देवाशी, प्रार्थनेशी किंवा त्या चर्चच्या कित्येक शतकांच्या इतिहासाशी तिचं त्या दिवशी काही देणंघेणं नव्हतं. नोव्हेंबरातला सोमवार होता. पाच वाजताच मिट्ट काळोख झालेला, वारा असा बोचरा की कानाच्या पाळ्या आहेत की गळून पडल्या ते चाचपून बघावं, आणि अशा थंडीत चौकातल्या त्या जुन्या चर्चचं भलंमोठं दार सताड उघडं होतं. आत दिवे लागलेले, माणसं बसलेली, हीटर चालू. नंदिनी दातांच्या दवाखान्यातलं रिसेप्शनचं काम आटपून घरी निघाली होती. तिला ते बघवेना. ती पायऱ्या चढली, ओकच्या लाकडाचं ते जड दार दोन्ही हातांनी ओढलं आणि धाडकन लावून टाकलं. जाता जाता एक चांगलं काम केल्याचं समाधानही तिला वाटलं.

शेवटची पायरी उतरते न उतरते तोच मागे दार पुन्हा करकरलं. एक उंच, हाडापेराने मजबूत म्हातारी दारात उभी होती.

"दार तुम्ही लावलंत?"

"हो. सगळी ऊब बाहेर जात होती," नंदिनी म्हणाली. आभारच मानले जातील अशी तिची अपेक्षा होती.

"सोमवारी हे दार लावायचं नसतं," म्हातारी म्हणाली. "आत या, सांगते. नाहीतर पुढच्या सोमवारी पुन्हा लावाल."

आता या बाईला दुसऱ्याचं दार लावायची एवढी हौस का, ते सांगायला हवं. नंदिनी मूळची मिरजेची. तिच्या आईचा एक नियम होता: तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की घराचं पुढचं दार उघडं ठेवायचं. त्या वेळी लक्ष्मी येते, आणि बंद दार पाहून ती परत फिरते. लक्ष्मी कधी आली ते ठाऊक नाही, पण शेजारच्या बायका, उसनी साखर मागणारे आणि एक लंगडं मांजर नेमाने येत असत. लग्नानंतर नंदिनी नवऱ्याबरोबर, म्हणजे प्रतापबरोबर, जर्मनीत इंगोलश्टाटला आली. तिथेही तिने संध्याकाळी निरांजन लावून फ्लॅटचं दार उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. जिन्यात फोडणीचा वास येतो, गारठा शिरतो, दार बंद ठेवावं. मग घरमालकाची तशीच सूचना आली. प्रताप म्हणाला, "ठेव ना बंद, कशाला उगीच." तिने ठेवलं. पुढे इतकी सवय लागली की दुसऱ्या कोणाचं दार उघडं दिसलं तर हिच्याच जिवाला चैन पडत नसे. बाहेरून आलेलं माणूस कधी कधी इथल्यांपेक्षा जास्त इथलं होऊन बसतं, तसंच तिचं झालं होतं.

नंतर प्रतापच्या कंपनीने पूर्वेकडे, सॅक्सनीत ऑफिस काढलं आणि साठे कुटुंब या शहरात आलं. शहराचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. या गोष्टीतली माणसं अजून तिथेच राहतात, आणि सोमवारी संध्याकाळी एकमेकांसमोर येतात.

तर त्या दिवशी नंदिनी आत गेली. म्हातारीचं नाव क्रिस्टा लिंडनर. गावातल्या पडद्यांच्या कापडाच्या गिरणीत तिची हयात गेली होती. गिरणी पुढे बंद पडली, बाई काही बंद पडल्या नाहीत. दाराशी एक साधी लाकडी खुर्ची होती, ती लिंडनरबाईंची. खुर्ची अशी ठेवलेली की तिच्यावर कोणी बसलेलं असताना दाराची फळी लागूच शकत नसे.

"एकोणनव्वदचं साल," लिंडनरबाई हलक्या आवाजात सांगायला लागल्या. पुढे प्रार्थना पुन्हा सुरू झाली होती. "तेव्हा आमच्या देशात, म्हणजे पूर्व जर्मनीत, चार माणसांनी एकत्र जमून मनातलं बोलायची सोय नव्हती. इथे चर्चमध्ये दर सोमवारी जमायचो. ज्यांना पकडून नेलंय त्यांची नावं मोठ्याने वाचायचो. बस, एवढंच. दार बंद करून बसलो असतो तर ते म्हणाले असते, गुप्त बैठक चाललीय. म्हणून दार उघडं ठेवायचं ठरलं. ज्याला ऐकायचंय त्याने ऐकावं, ज्याला यायचंय त्याने यावं. पोलिसांनीसुद्धा. आणि ते यायचे, बरं का. शेवटच्या बाकावर बसायचे, कोटाची बटणंही काढायचे नाहीत."

"आणि तुम्ही दारात?"

"कोणीतरी बसायला हवं होतं. माझ्या चाळिशीत माझ्याकडे बघून कोणी दार ओढायचं धाडस करत नसे." त्या हसल्या. "एकदा एक कोटवाला येऊन अगदी मायेने म्हणाला, बाई, गारठून जाल, दार लावा. मी म्हटलं, मला उकडतंय."

नंदिनी खळखळून हसली. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून पाहिलं. घरी जाताना मात्र तिला हसू येईना. तिला आईचं दार आठवत होतं. इतकी वर्षं आपण ते कोणाच्या तरी सांगण्यावरून लावून बसलोय, याची तिला लाज वाटली, आणि राग आला तो आणखी वेगळा.

पुढच्या सोमवारी ती गेली. त्याच्या पुढच्याही. लिंडनरबाईंच्या जागी पहिल्यांदा बसायची वेळ आली तेव्हा तिने सवयीने बूट काढून दाराबाहेर ठेवले आणि जानेवारीच्या दगडी फरशीवर मोज्यांनिशी तासभर बसली. त्यानंतरच्या सोमवारी खुर्चीखाली लोकरीच्या जाड सपाता ठेवलेल्या होत्या. चर्चमधल्या बायकांनी आपसांत ठरवून विणल्या होत्या. ती ख्रिश्चन नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रार्थना चालू असताना ती मनात शुभंकरोती म्हणायची, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

लिंडनरबाईंचे गुडघे पुढे पुढे साथ देईनात. एके दिवशी त्यांनी खुर्चीच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही बसा. मी बाकावर बसते, तिथे उशी आहे." एवढाच काय तो सोहळा झाला. नंदिनीने बूड टेकलं आणि त्या दिवसापासून याकोब चर्चच्या सोमवारच्या दारात मिरजेची नंदिनी साठे बसायला लागली. पर्यटक विचारायचे, तेव्हा ती एकोणनव्वद सालची हकिगत अशा ठसक्यात सांगायची की जणू ती स्वतःच तेव्हा तिथे होती. प्रताप तिला चिडवायचा, "तेव्हा तू मिरजेत नववीत होतीस."

आणि मग सोमवारचा मोर्चा सुरू झाला.

मोर्चेकऱ्यांनी वार सोमवारच निवडला होता, आणि मार्ग निवडला होता तो याकोब चर्चच्या चौकातून. एकोणनव्वदमध्ये लोक सोमवारी रस्त्यावर आले होते ना, मग आम्हीही येतो, असं त्यांचं म्हणणं. झेंडे, ढोल, कर्णे. परक्यांना हाकला, देश आमचा आहे, अशा घोषणा. सुरुवातीला पन्नासएक माणसं होती, हिवाळा येईतो चौक भरायला लागला. लिंडनरबाईंचा संताप संताप व्हायचा. "सोमवार आमचा आहे," त्या म्हणायच्या, "यांना मंगळवार घ्यायला काय झालं होतं?"

नंदिनी दारात बसून सगळं ऐकायची. ती घोषणा आपल्याबद्दलच आहे हे कळायला तिला कोणी भाषांतर करून द्यायची गरज नव्हती. भीती वाटायची का? वाटायची. पण भीती घेऊनच ती बसायची, कारण उठली असती तर मागे दार लागलं असतं.

नवीन वर्ष लागल्यावर पहिल्याच सोमवारी गर्दीतून कोणीतरी पेटता फटाका दारातून आत भिरकावला. तो नंदिनीच्या पायाजवळून सरपटत गेला आणि शेवटच्या बाकाखाली कानठळ्या बसवत फुटला. लिंडनरबाई दचकून उठल्या, तोल गेला, आणि त्या फरशीवर पडल्या. मनगट मोडलं.

फटाका टाकणारा सापडला नाही. सापडला तो प्रश्न: दार उघडं ठेवायचं की नाही?

रविवारी उपासना झाल्यावर चर्चच्या कमिटीची बैठक भरली. पाद्रीबाईंनी नंदिनीलाही बोलावलं होतं, कारण दारात ती बसत असे. ठराव मांडला तो फोगेल सरांनी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला सडपातळ माणूस. त्यांना खलनायक समजू नका. एकोणनव्वदमध्ये तरुण मास्तर असताना ते याच चौकात उभे होते आणि एक रात्र कोठडीत काढून आले होते.

"प्रार्थना चालूच राहील," ते म्हणाले. "फक्त मोठं दार बंद. आपली माणसं बाजूच्या दाराने येतील. तेव्हा बाहेर जे उभे होते त्यांना आत यायचं होतं. आता जे आहेत त्यांना आत यायचंच नाही. मग दार उघडं कोणासाठी? फटाक्यांसाठी?"

बोलणं बिनतोड होतं. नंदिनीचं डोकं मात्र तापलं.

"त्यांना यायचं नाही हे तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं. "तुम्ही कोणाला विचारलंत?"

"फ्राउ साठे, ते कोणाविरुद्ध ओरडतात हे तुम्हाला..."

"मला माहीत आहे. माझ्याविरुद्ध ओरडतात. दार लावल्यावर ते ओरडायचे थांबणार आहेत का? ते ओरडतच राहणार, फक्त आपल्याला ऐकू यायचं नाही. आणि ते म्हणतील, बघा, म्हातारे घाबरून कड्या लावून बसले."

"क्रिस्टाचं मनगट मोडलंय," फोगेल सर शांतपणे म्हणाले. यावर नंदिनीने मान खाली घातली.

मतं घेतली. दोन हात सोडून सगळे हात ठरावाच्या बाजूने वर गेले. नंदिनीचाही हात विरोधात वर गेला होता, तेव्हा पाद्रीबाईंना अवघडल्यासारखं झालं.

"तुम्हाला मत नाही हो, फ्राउ साठे," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे सभासदच..." मग वातावरण हलकं करायला हसून म्हणाल्या, "बाप्तिस्मा घेतलात तर मात्र लगेच!"

नंदिनी हसली नाही. "देव बदलून मत मिळवलं तर ते मत माझं कसं राहील?" ती म्हणाली, कोट चढवला आणि निघाली.

घरी न जाता ती थेट लिंडनरबाईंकडे गेली. बाई हात गळ्यात बांधून कॉफी पीत बसल्या होत्या. नंदिनीने सगळं सांगितलं. फोगेल सरांचं मनगटाबद्दलचं वाक्यही.

"माझं नाव पुढे केलं होय," लिंडनरबाई म्हणाल्या. "मनगट माझं मोडलंय, दाराचं नाही. माझा हात धड असता तर मीच जाऊन बसले असते." मग त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "पण तुम्ही बसा असं मी सांगणार नाही. मी पडले ती नुसती दचकून पडले. तुम्हाला ते नेम धरून मारतील. घरी विचारा."

घरी विचारणं म्हणजे प्रतापला विचारणं. प्रताप साठे हा सज्जन, कामसू आणि कोणाच्या अध्यामध्यात न पडणारा माणूस. इतकी वर्षं परदेशात राहून त्याने एकच कला साधली होती, कोणाच्या डोळ्यावर न येण्याची. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा पुसायला घेतला की नंदिनी ओळखायची, आता व्याख्यान.

"आल्झो... म्हणजे, नंदिनी, लॉजिकली बघ. चर्च त्यांचं. रिलिजन त्यांचा. कमिटीने डिसिजन घेतलाय, तोही सेफ्टीसाठी. यात आपण कुठे येतो?"

"मी दारात येते," नंदिनी म्हणाली.

"अगं, जोक नको करूस. आमच्या म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमच्या ऑफिसात ओपनिंग आहे. मी बोललोय बॉसशी. तनयापण म्युनिकमध्येच आहे. मे महिन्यापर्यंत शिफ्ट होऊ, फ्लॅट शोधायला मदत करतील ते. कशाला हा रोजचा स्ट्रेस?"

तनयाचा, म्हणजे लेकीचा, फोन तेवढ्यात आलाच. बापाने आधीच कळवून ठेवलं होतं, हे उघड होतं. लहानपणापासून आईचं सगळं मराठी तिला कळतं आणि उत्तर ती जर्मनमध्ये देते. "आई, दास इस्ट डोख गेफेर्लिश!" हे धोक्याचं आहे, हे तिने तीनदा ऐकवलं.

नंदिनीने फोन ठेवला आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

"अहो, इंगोलश्टाटला खालच्या मजल्यावरच्या माणसाने सांगितलं, आपण दार लावलं. मी हूं की चूं केलं नाही. तुमची नोकरी नवी होती, तनया पोटात होती. आता इथे दार लावायचं म्हणतात. म्युनिकला गेलो आणि तिथेही कोणी चौकात येऊन ओरडायला लागलं, तर काय करायचं? खिडक्या लावायच्या? तुम्ही जा हवं तर. मी येईन मागून. पण त्या दारात मी बसते, आणि ते दार लागलेलं असताना मला आतही बसायचं नाही आणि घरीही."

"मग कुठे बसणार आहेस?" प्रतापने विचारलं.

"बाहेर," नंदिनी म्हणाली. ते तिला स्वतःलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

प्रतापने हात टेकले. या बाईशी वाद घालून उपयोग नाही, हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षात शिकला होता. अधूनमधून विसरायचा, इतकंच.

सोमवारी दवाखान्यातून ती लवकर निघाली. उन्हाळी सहलीसाठी घेतलेली घडीची खुर्ची तिने तळघरातून काढली. निळी, हाताशी पेला ठेवायची जाळी असलेली. आईने शिवलेली गोधडी घेतली. निरांजन घेतलं, आणि वाऱ्याने विझू नये म्हणून काकडीच्या लोणच्याची रिकामी काचेची बरणी. हे सगळं बखोटीला मारून पाच वाजायच्या आत ती याकोब चर्चच्या पायऱ्यांवर पोचली. मोठं दार बंद होतं. कडी आतून. त्या दाराला बंद असं तिने सोमवारी फक्त एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा ते तिनेच लावलं होतं.

तिने खुर्ची उघडली, दाराला पाठ लावून मांडली, बूट काढून नीट बाजूला ठेवले, घरून आणलेल्या त्या जाड सपाता चढवल्या, मांडीवर गोधडी घेतली आणि बरणीत निरांजन लावून पायाशी ठेवलं. चौकातून जाणारी माणसं तिच्याकडे बघायला लागली. तिला कसंसंच झालं. आपण वेडगळ दिसत असणार, असं वाटलं. पण बसली.

एक तरुण पोलीस मुलगी आली. "इथे बसता येणार नाही. थोड्या वेळात मोर्चा येईल."

"माहीत आहे. मी दर सोमवारी इथेच असते."

"आत का जात नाही?"

"दार बंद आहे ना," नंदिनी म्हणाली. पोलीस मुलीने दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, वायरलेसवर काहीतरी बोलली आणि एका सहकाऱ्याला घेऊन पायऱ्यांच्या टोकाशी उभी राहिली. समोर बसस्टॉपच्या आडोशाला, हातात थर्मास घेऊन, मफलरमध्ये नाकापर्यंत बुडालेला एक माणूस उभा होता. दोन बस गेल्या तरी तो कुठल्याच बसमध्ये चढला नाही. प्रतापला वाटत होतं की बायकोने आपल्याला पाहिलेलं नाही.

लांबून ढोल ऐकू यायला लागले. आत प्रार्थना सुरू झाली होती; लाकडाला कान लावला तर पाद्रीबाईंचा आवाज नुसता गुणगुणल्यासारखा यायचा, शब्द कळायचे नाहीत. नंदिनीने शुभंकरोती म्हणायला घेतलं आणि भीतीने मधली ओळच विसरली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

चौकाच्या कोपऱ्यावर पहिले झेंडे दिसले तेव्हा तिच्या पाठीमागे कडी वाजली. दार ओढलं गेलं आणि आतल्या उजेडाचा पट्टा पायऱ्यांवर पडला. फोगेल सर उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"क्रिस्टाने सगळ्यांसमोर सांगितलं की तुम्ही बाहेर बसला आहात," ते म्हणाले. "त्यानंतर कोणाला प्रार्थना म्हणता येईना. मी म्हणायचा प्रयत्न केला. माझ्या तोंडून शब्द फुटेना." त्यांनी दाराची दुसरी फळीही लोटली. "मी कोठडीत होतो त्या रात्री माझं नाव इथे वाचलं होतं. उघड्या दारात. मी ते कसा विसरलो, मला कळत नाही."

"फोगेल सर, लाकडी खुर्ची आणता का?" नंदिनी म्हणाली. "या खुर्चीने कंबर मोडली माझी."

त्यांनी खुर्ची आणली. ती उंबऱ्यावर ठेवली गेली, नेहमीच्या जागी, फळी लागणार नाही अशी. आतून लिंडनरबाई बांधलेला हात सावरत पुढे आल्या आणि शेवटच्या बाकावर, फटाका फुटला होता तिथेच, बसल्या. मग दोघी-तिघी आणखी उठून मागे येऊन बसल्या. पाद्रीबाईंनी घसा साफ केला आणि प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली. नंदिनीचे डोळे भरून आले. तिने ते गोधडीला पुसले, कारण मोर्चा समोर आला होता आणि त्यांना ते दाखवायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

मोर्चा आला, ओरडला, ढोल बडवले. कोणीतरी तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी घाणेरडं बोललं, आणि चार-पाच जण हसले. ती हलली नाही. मोर्चा वळून पुढे सरकायला लागला. तेवढ्यात त्यातून एक माणूस बाहेर पडला आणि थेट पायऱ्या चढून वर यायला लागला. धिप्पाड, साठीचा, खांद्यावर झेंडा. दोन्ही पोलीस पुढे झाले. बसस्टॉपचा माणूस थर्माससकट धावत सुटला.

माणूस नंदिनीच्या पुढ्यात आला आणि थबकला.

"फ्राउ साठे?" तो म्हणाला.

नंदिनीने त्याला ओळखलं. हेर बेर्गमान, म्हणजे श्रीयुत बेर्गमान. दवाखान्यात येताना रिसेप्शनवर नेहमी चॉकलेट ठेवणारे, सुई पाहून घाम फुटणारे, डाव्या दाढेचं काम अजून अर्धं राहिलेले हेर बेर्गमान. त्याचे कान लाल झाले होते. थंडीने की कशाने, ते कळायला मार्ग नव्हता.

"तुम्ही इथे कशा?" त्याने विचारलं.

"सोमवारी दारात मीच असते. तुम्हाला काय हवंय?"

तो चुळबुळला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "इथे टॉयलेट आहे का? सगळी दुकानं बंद आहेत, आणि या वयात... तुम्ही समजू शकता."

मागे बाकावर लिंडनरबाईंना ठसका लागल्याचं ऐकू आलं.

"आहे," नंदिनी म्हणाली. "आत डावीकडे. पण झेंडा इथे ठेवावा लागेल."

त्याने झेंड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग मुकाट्याने झेंडा गुंडाळला आणि दाराजवळच्या छत्र्यांच्या पिंपात छत्र्यांमध्ये उभा करून ठेवला. तरी तो आत जाईना. काहीतरी बोलायचं राहिलं होतं.

"फ्राउ साठे, ते ओरडतात ना, ते तुमच्याबद्दल नाही हं. तुम्ही वेगळ्या. तुम्ही आपल्या."

हे वाक्य नंदिनीने या देशात पुष्कळदा ऐकलं होतं आणि दर वेळी हसून सोडून दिलं होतं. या वेळी तिला हसू आलं नाही.

"हेर बेर्गमान, ज्यांच्याबद्दल ओरडता त्यांतलं दुसरं कोण तुमच्या ओळखीचं आहे?"

तो विचार करायला लागला. खरोखरच करायला लागला, कपाळाला आठ्या घालून. चौकातले ढोल लांब गेले होते. बराच वेळ झाला तरी त्याला नाव सापडेना.

"आत या," नंदिनी म्हणाली आणि गुडघे बाजूला घेऊन त्याला वाट दिली.

तो गेला. परत आला तेव्हा नावं वाचली जात होती, आता ज्यांना या शहरातून परत पाठवायच्या नोटिसा आल्या आहेत त्यांची. शेवटच्या बाकाच्या कडेला, कोटाची बटणं न काढता, तो बसला. कदाचित पाय दुखत असतील. नावं संपेपर्यंत बसला होता, एवढं खरं. मग उठला. दारात नंदिनीजवळ प्रताप उभा होता, थर्मासच्या झाकणात चहा ओतत होता आणि निम्मा सांडत होता. बेर्गमानने त्याला मान लववून नमस्कार केला.

झेंडा घ्यायला त्याने हात पुढे केला, आणि मग रिकामा हात तसाच खिशात घातला. पायऱ्या उतरताना त्याने मागे वळून सताड उघड्या दाराकडे, निरांजनाकडे आणि गोधडीत बसलेल्या बाईकडे पाहिलं.

"बाहेर उणे सात आहे, फ्राउ साठे," तो काळजीने म्हणाला. "दार लावून घ्या. गारठून जाल."

बाकावर लिंडनरबाई श्वास रोखून बसल्या होत्या. नंदिनीने चहाचा घोट घेतला.

"मला उकडतंय," ती म्हणाली.